रविवारची पाणबुडी

खाडीत आता काही नाही. पाणी आहे, पाण्यावर दोन-चार शिडाच्या होड्या आहेत, आणि पलीकडच्या डोंगरावर करडं आकाश टेकलेलं आहे. फेरीतून बेटावर उतरून आम्ही किनाऱ्याच्या रस्त्यानं दहा मिनिटं चाललो आणि मी थांबले. माझी मुलगी मैत्रेयी शेजारी येऊन उभी राहिली. ती केंब्रिजला एका लॅबमध्ये काम करते. आधी रीडिंगला येऊन मला घेतलं आणि तिथून स्कॉटलंडपर्यंत गाडी चालवत आली, का, तर मी एकटीनं हा प्रवास करू नये म्हणून.

"आई, हा बोट इथेच बुडला?" तिनं विचारलं.

ती लहान असताना मी तिचं मराठी सुधारायची. आता सुधारत नाही.

"इथंच कुठंतरी. पण बुडाली तेव्हा तिच्यात कोणी नव्हतं."

"मग इतका सॅड का वाटतंय तुला?"

भरती उतरत होती. ओल्या दगडांवरच्या शेवाळाचा वास आला, खारा आणि किंचित कुजका, आणि मला एकदम लहानपणच्या घराच्या जिन्यातला रविवार आठवला. दुपारचे तीन वाजत आलेत, आईनं स्वयंपाकघराच्या खिडकीवरची वाफ फडक्यानं पुसली आहे, आणि खालून मॅकसाहेबांचे जड बूट एकेक पायरी मोजत वर येताहेत.

मी सहा वर्षांची असताना आम्ही खडकीहून या बेटासमोरच्या किनाऱ्यावरच्या एका गावात आलो. कसे आलो, कोणी बोलावलं, ते मी नंतर अनेकदा ऐकलं, पण माझ्या मनात त्याला काही जागा नाही. मनात आहे तो वास. बाबा जुनी जहाजं तोडायच्या यार्डात कामाला होते. लोखंड कापताना त्याच्यावरचा कित्येक वर्षांचा रंग जळतो, त्याचा एक गोडसर, घशात चिकटणारा वास असतो. तो बाबांच्या केसांत असायचा, मफलरमध्ये असायचा. आई त्यांचे कपडे बाथटबमध्ये भिजत घालायची आणि पाण्यावर तपकिरी साय धरायची. यार्डाचा भोंगा झाला की गावातली सगळी घड्याळं जुळायची. मधूनच एखादा मोठा पत्रा खाली पडे, आणि शाळेत, वर्गात, आमच्या बाकाखालची जमीन हलकेच थरथरे. शिक्षिका खडू उचलून क्षणभर थांबत आणि पुढे लिहू लागत.

आमचं घर कौन्सिलचं, म्हणजे नगरपालिकेनं भाड्यानं दिलेलं होतं, वरच्या मजल्यावर. स्वयंपाकघरात कोळशाची शेगडी, आणि तिच्यावरच्या भिंतीवर खडकीहून आणलेली बुद्धाची तसबीर. प्रवासात तिची काच तडकली होती, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत. बाबा म्हणायचे, बदलू. ती कधी बदलली गेली नाही. पौर्णिमेला आई पांढरी साडी नेसून तिच्यासमोर मेणबत्ती लावायची आणि डब्यातल्या दुधाची खीर करायची. त्या अख्ख्या गावात आमच्याशिवाय मराठी बोलणारं कोणी नव्हतं. आईचा आवाज दुपारभर कोणाला ऐकू जायचा नाही, आणि मी शाळेतून आले की ती पहिली काही वाक्यं फार भरभर बोलायची.

मॅकसाहेब यार्डातले फोरमन होते. साठीला आलेले, रुंद, उजव्या हाताच्या करंगळीचं टोक नसलेले. लग्न केलेलं नव्हतं. रविवारी टाय लावायचे आणि चर्चला मात्र जायचे नाहीत, आमच्याकडे यायचे. येताना कागदात गुंडाळलेले धुरावलेले हेरिंग मासे आणायचे. आई पोहे मिळत नाहीत म्हणून जाड ओट्सना मोहरी, कांदा आणि हिरवी मिरची घालून परतायची. पहिल्यांदा ते खाल्ल्यावर मॅकसाहेब मला म्हणाले, "तुझ्या आईला सांग, आयुष्यभर मी हेच खातोय, पण हे आज पहिल्यांदा जागं झालं."

मी आईला सांगितलं. आई पदराआड हसली. तेव्हापासून सांगायचं काम माझं झालं.

कारण मॅकसाहेबांची बोली बाबांना कळत नसे. बाबांचं इंग्रजी कारखान्यातलं होतं. नट, बोल्ट, परवानगी आणि सुटीचा अर्ज. मॅकसाहेब शब्द अर्धे गिळायचे आणि उरलेले घशातून खरवडून काढायचे. माझे कान मात्र त्या गावच्या शाळेत तयार झाले होते. मला ते जसं बोलत तसंच कळायचं, आणि आई-बाबांशी मी मराठीतच बोलायची. मी दोघांच्या मधोमध स्टुलावर बसायची.

आणि मधोमध असायची ती पाणबुडी.

एके दिवशी बाबांना यार्डातल्या शेडमध्ये, रद्दी लोखंडाच्या पिंपात, पितळेची एक पट्टी सापडली. तिच्यावर एक अक्षर आणि एक आकडा. रविवारी त्यांनी मॅकसाहेबांना माझ्याकडून विचारलं, हे कशाचं. मॅकसाहेबांनी पट्टी हातात घेतली, अंगठ्यानं पुसली आणि म्हणाले, ही माझ्या पाणबुडीची. लढाईत मी हिच्यावर होतो. आणि लढाईनंतर ती तोडायला आमच्याच यार्डात आली, तेव्हा मीच ती कापली.

बाबांनी विचारलं, "तिचं सर्व्हिस बुक कुठे आहे?"

खडकीच्या कारखान्यात प्रत्येक कामगाराचं सर्व्हिस बुक असे. कधी लागला, कुठल्या खात्यात गेला, काय काम केलं. मॅकसाहेब हसले. ती अमेरिकन नौदलाची बोट, म्हणाले, तिचे कागद असलेच तर अमेरिकेत. इथं तिला कोण ओळखतं.

माझे पणजोबा पहिल्या लढाईत मजूर म्हणून समुद्रापार गेले होते. त्यांनी तिथं काय केलं, कुठं राहिले, याचा एक कागद घरात नव्हता. गावातले वरच्या आळीतले लोक म्हणायचे, गेलाच नव्हता, थापा मारायचा. बाबांनी हे लहानपणी ऐकलेलं होतं. ते मला म्हणाले, "सांग त्यांना, आपण लिहू. त्यांनी सांगायचं, तू मला मराठीत सांगायचं, मी लिहीन. मग तू मोठी झालीस की इंग्रजीत करशील."

मी होय म्हटलं. मी दहा वर्षांची होते.

यार्डाच्या ऑफिसातून आणलेली लाल पाठीची लांब वही. बाबांचं अक्षर मोठं, सुटं, रात्रशाळेत घोटलेलं. ती वही आत्ता माझ्या पिशवीत आहे. पहिलंच वाक्य असं आहे: 'ही बोट अमेरिकेत जन्मली तेव्हा पहिली लढाई संपत आली होती, आणि ती पाण्यात उतरेपर्यंत संपून गेली.'

तीन हिवाळे आणि दोन उन्हाळे ती आमच्या स्वयंपाकघरात प्रवास करत होती. अमेरिकेतलं काही मॅकसाहेबांनी पाहिलेलं नव्हतं, पण बोट ताब्यात देताना एका म्हाताऱ्या अमेरिकन खलाशानं त्यांना सांगितलेलं त्यांना तोंडपाठ होतं. ती गरम समुद्रांत गेली. दोन महासागर जोडणाऱ्या कालव्यातून पलीकडे उतरली. एका बेटाजवळ इतकी वर्षं राहिली की तिच्या तळाला शिंपल्यांचा थर साचला. आत इतकं उकडायचं की माणसं कमरेवर उघडी काम करत आणि डिझेलमध्ये घाम मिसळे. मग ती जुनी झाली. तिला आणि तिच्यासारख्या बऱ्याच जणींना एका नदीच्या कडेला ओळीनं बांधून ठेवलं. तिथं तिनं कित्येक हिवाळे नुसते काढले. मी बाबांना सांगितलं, "गंजत बसली." बाबांनी लिहिलं, 'गंजत बसली.'

दुसरी लढाई आली तशी तिला पुन्हा रंग दिला आणि ब्रिटनला वापरायला दिली. तिचं अक्षर काढलं, नवा आकडा दिला. ती इकडे आली ती गळतच आली. मॅकसाहेब तिच्यावर चढले तेव्हा त्यांना सगळ्यात आधी वास आला. ओली लोकर, उकडलेला कोबी, आणि बॅटरीतल्या आम्लाचा नाकात टोचणारा वास. तो सांगताना ते आमच्या स्वयंपाकघरात नाक आक्रसायचे, आणि आईला वाटायचं फोडणी जळली.

तिचं काम काय, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी निराश झाले. मला वाटलं होतं ती शत्रूची जहाजं बुडवत असेल. तिनं कधीच काही बुडवलं नाही. तिनं रोज सकाळी समुद्रात जायचं, बुडी मारायची आणि लपून बसायचं. आपलीच जहाजं तिला शोधायची, शोधायला शिकायची. वरच्या जहाजानं तिला हुडकायला सोडलेला आवाज बोटीच्या अंगावर आदळायचा, पत्र्यावर मूठमूठ वाळू फेकल्यासारखा. आधी दूर, मग जवळ. सापडली की मेली असं समजायचं.

"आम्ही रोज मरायचो," मॅकसाहेब म्हणायचे, "आणि चहाला परत यायचो."

बाबांना हे वाक्य फार आवडलं होतं. त्यांनी त्याच्याखाली रेघ मारली आहे.

त्या रविवारांची एक लय होती. तीन वाजता ते यायचे. चार वाजता दिवा लावावा लागायचा. शेगडीत कोळसा घसरून बसायचा, खिडकीवर पाऊस तिरका वाजायचा. बाबा निबाचं टोक फडक्याला पुसायचे. एखादा शब्द मला मराठीत सापडत नसे. मग मी हातांनी दाखवायची आणि आई भाकरी थापता थापता शब्द सुचवायची. पाणबुडीच्या पोटातल्या टाक्यांना तिनं रांजण म्हटलं. वहीत ते रांजणच आहेत. रांजण भरले की बोट खाली जाते, रिकामे केले की वर येते. आजही मला त्या टाक्यांचं इंग्रजी नाव आधी आठवत नाही.

आता जे सांगायचं आहे ते.

मी बारा वर्षांची होते. कडक थंडी पडली होती, गावामागचं तळं गोठलं होतं, आणि खाली जिन्याच्या तोंडाशी माझी मैत्रीण मोइरा मला बर्फावर घसरायला न्यायला येऊन उभी होती. तिनं दोनदा शीळ घातली होती. मॅकसाहेब त्या दिवशी बोटीच्या बहिणीबद्दल बोलत होते. तशाच बनावटीची, तशीच जुनी, तशीच उसनी आणलेली दुसरी बोट. ती महासागरापलीकडे याच कामावर होती. एकदा अंधारात आपल्याच बाजूच्या एका जहाजानं तिला शत्रूची समजून धडक दिली. सगळे गेले. इथवर मी सांगितलं आणि बाबांनी लिहिलं.

मग चहाचा कप त्यांनी बशीत ठेवला तो वाजला.

"माझा भाऊ तिच्यावर होता," ते म्हणाले. "डेव्ही. एकवीस वर्षांचा. त्याला मोठ्या जहाजावर जायचं होतं. मीच त्याला म्हटलं, या जुन्या बोटी माग, यांना कोणी लढाईवर पाठवत नाही, इथं काही होत नाही. तो ऐकेना, तेव्हा मी आमच्या एका अधिकाऱ्याला सांगून त्याचं नाव घालायला लावलं. त्याची बायको पोटुशी होती. हे मी कोणाला सांगितलेलं नाही."

त्यांचा चेहरा ओला झाला होता आणि ते तो पुसत नव्हते. मी कधी मोठ्या पुरुषाला असं पाहिलं नव्हतं. त्यांनी शेगडीवरच्या तसबिरीकडे पाहिलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझ्या बाबांना विचार. तो तुमचा भिंतीवरचा शांत माणूस, असल्या भावाला तो काय म्हणेल? मला त्यांच्याकडून ऐकायचंय."

खालून तिसरी शीळ आली.

मी बाबांना म्हटलं, "ते म्हणतात, त्या दुसऱ्या बोटीवर त्यांचा भाऊ होता. डेव्ही नाव. तो गेला."

एवढंच. मला घाई होती. याहून चांगलं कारण मी पुढे आयुष्यभर शोधलं. कधी म्हटलं, मी घाबरले होते. कधी म्हटलं, एवढ्या लहान पोरीला ते ओझं पेलवलं नसतं. पण मी तिथं होते, आणि मला आठवतं ते एवढंच, मोइराची शीळ आणि पायात मोजे चढवायचे राहिलेत.

बाबांनी पेन खाली ठेवलं, मान खाली घातली आणि ते गप्प बसले. आमच्या घरात मेलेल्या माणसासाठी असेच गप्प बसायचे. एक मिनिट, दोन मिनिटं. मॅकसाहेब त्यांच्याकडे बघत होते. इतकं टक लावून मी कोणाला कोणाकडे बघताना पाहिलेलं नाही. मग बाबांनी मान वर केली. माणूस दुःखात आहे, त्याला कामाच्या गोष्टीला लावावं, असं त्यांच्या मनात आलं असणार, ते तसेच होते. ते हळू आवाजात मला म्हणाले, "विचार, बोटीची बॅटरी कधी बदलली होती?"

आणि हा प्रश्न मी नीट, शब्दाला शब्द, पोचवला.

मॅकसाहेबांनी बाबांवरची नजर काढली. मग म्हणाले, "कधीच नाही."

बाबांनी लिहिलं. मी मोजे घातले आणि जिना उतरून पळाले. तळ्यावर त्या दिवशी सगळं गाव होतं. बर्फाखालून एक खोल आवाज येत होता, कुणी लांब खाली दार ओढल्यासारखा. मोइरा म्हणाली, घाबरू नकोस, तो असाच बोलतो. मी अंधार दाटेपर्यंत घसरत राहिले आणि फार आनंदात होते.

मॅकसाहेब त्यानंतर दोन रविवार आले. त्यांनी उरलेलं सांगून टाकलं. लढाई संपली, बोट कागदोपत्री अमेरिकेला परत केली, पण एवढी जुनी बोट समुद्रापार न्यायला कोणी आलं नाही. तिला या खाडीत नांगरून ठेवलं. एका हिवाळ्यात ती आपली आपण बुडाली. वर काढली, ओढत यार्डात आणली. तिला कापताना आत अजून कोबीचा वास होता, असं ते म्हणाले. शेवटचा पत्रा दुपारी जेवणाच्या सुटीआधी कापून झाला. वहीत याच्यापुढे पानं कोरी आहेत.

मग त्यांचे गुडघे दुखायला लागले. जिना चढवत नाही, म्हणाले. आई मला डबा देऊन पाठवायची. ते दारातच डबा घ्यायचे, रिकामा डबा धुऊन परत द्यायचे, आणि म्हणायचे, "बाबांना सांग, बरा आहे." यार्डात ते बाबांशी कामापुरतं बोलत. बाबा आईला विचारायचे, "आपलं काही चुकलं का गं?" आई म्हणायची, "अहो, म्हातारं माणूस आहे, एकटं आहे. येतील." मी तिथंच अभ्यास करत बसलेली असायची.

यार्ड बंद झालं तेव्हा आम्ही दक्षिणेला आलो, रीडिंगला. निघायच्या दिवशी मॅकसाहेब स्टेशनवर आले नाहीत. पुढे बाबा दर ख्रिसमसला त्यांना कार्ड पाठवायचे. एका वर्षी त्यांच्या पुतणीचं उत्तर आलं, काका गेले म्हणून. एल्स्पेथ तिचं नाव. बाबांनी तो पत्ता डायरीत लिहून ठेवला.

"ते इंग्रजीत करायचं राहिलं," बाबा म्हणायचे. मी युनिव्हर्सिटीत असताना म्हणायचे, माझं लग्न झाल्यावर म्हणायचे, मैत्रेयी झाल्यावर म्हणायचे. मी म्हणायची, करते, या सुटीत करते. दोन-तीनदा मी खरंच बसले. पहिली पानं सोपी होती. गरम समुद्र, शिंपले, रांजण. मग ते पान जवळ यायला लागायचं आणि मी वही मिटायची. बाबांनी शेवटी म्हणणं सोडलं. आई गेल्यावर ते माझ्याकडे राहायला आले. दुपारी गार्डनमध्ये खुर्ची टाकून बसायचे आणि विमानांकडे बघायचे. गेल्या मार्चमध्ये ते गेले.

त्यांची खोली आवरताना वही सापडली आणि मी पहिल्यांदा ते पान उघडलं. बॅटरीची ओळ आहे. तिच्याशेजारी समासात, बारीक अक्षरात, बाबांनी लिहिलं आहे: 'आज साहेब पुष्कळ बोलले. पोरीनं थोडंच सांगितलं. काहीतरी राहिलं आहे. तिला विचारायचं.'

आणि त्याखाली वेगळ्या शाईत, म्हातारपणाच्या हललेल्या अक्षरात दोन शब्द: 'विचारलं नाही.'

कधी लिहिलं असेल हे, मला माहीत नाही. आम्ही एका घरात राहत होतो. मी रोज संध्याकाळी त्यांना चहा नेऊन द्यायची. त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही, आणि विमानं जात राहिली.

मी डायरीतल्या पत्त्यावर पत्र टाकलं. उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. पत्र फिरत फिरत तिच्यापर्यंत पोचलं, आणि उत्तर आलं. एल्स्पेथ आता या बेटावर, खाडीच्या वरच्या अंगाला, म्हाताऱ्या माणसांसाठी बांधलेल्या घरांपैकी एकात राहते. या, म्हणून लिहिलं होतं.

मैत्रेयीनं मला दारापर्यंत सोडलं आणि ती गाडी फेरीच्या रांगेत लावायला गेली. दार उघडलं ते उंच, ताठ, पांढऱ्या केसांच्या बाईनं. ती आयुष्यभर ग्लासगोमध्ये नर्स होती. खिडकीतून अख्खी खाडी दिसत होती. तिनं चहा ओतला आणि मला बोलू दिलं. मी सगळं सांगितलं. मोइराची शीळही सांगितली. त्या गावची बोली इतक्या वर्षांनी माझ्या तोंडात परत आली होती. जे बाबांना सांगायचं होतं ते मी पन्नास वर्षांनी तिला सांगत होते.

"त्यांनी ऐकलंच नव्हतं," मी म्हटलं. "बाबांना फक्त भाऊ गेला एवढंच माहीत होतं. ऐकलं असतं तर ते काहीतरी बोलले असते. त्यांना बोलता यायचं अशा वेळी."

एल्स्पेथनं खाडीकडे पाहिलं.

"डेव्ही माझे वडील," ती म्हणाली. "मी त्यांना पाहिलेलं नाही. आईनं दुसरं लग्न केलं आणि ती मला सोडून निघून गेली. मला काकांनी वाढवलं."

"हो. बाबांना तुम्ही पत्र लिहिलं होतं."

"शेवटच्या आजारात काकांनी मला हे सांगितलं. माझ्या वडिलांचं नाव त्यांनीच घालायला लावलं होतं, हे. मी चाळिशी ओलांडलेली बाई होते, रोज लोकांना मरताना बघत होते. काय बोलायचं ते मला येत होतं. मी बोलले नाही. मला राग आला होता. मी उशी सारखी केली, पाण्याचा ग्लास भरला." तिनं कप बशीत सरळ केला. "काका म्हणाले, तुझंही तसंच. मी त्या भारतीय माणसाला सांगितलं होतं. अख्ख्या यार्डात त्याच्याएवढा दयाळू माणूस नव्हता. त्यालाही माझ्यासाठी शब्द सापडला नाही."

मी पिशवीतून वही काढली.

"दोन दिवसांनी गेले," ती म्हणाली. "मी ड्यूटीवर होते."

"मी वही आणली आहे," मी म्हटलं. "मी इंग्रजीत करून देईन. तो भागही घालीन, जसं ते बोलले तसं."

"कोणासाठी?" तिनं विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता. ती खरंच विचारत होती, आणि मी खरंच शोधत होते, आणि आम्हा दोघींना कोणी सुचलं नाही.

नोव्हेंबरात इकडे साडेतीनलाच अंधारायला लागतं. खिडकीतलं पाणी आधी शिशासारखं झालं, मग दिसेनासं झालं. समोर तिचा चेहरा मला नीट दिसत नव्हता. खालून, फेरीच्या रांगेतून मैत्रेयीचा फोन दोनदा आला, फेरीची वेळ झाली होती. दिव्याचं बटण एल्स्पेथच्या हाताशीच होतं. तिनं ते दाबलं नाही, आणि मीही तिला दाबा म्हटलं नाही.